कळ

घणसोलीच्या मैदानात निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या,
पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी, त्या रिकाम्याच.
वरून विजेच्या जाड तारा गेलेल्या.
त्यांची गुणगुण ध्वनिक्षेपकवाल्याला आपल्याच बॉक्सची वाटली,
तो सारखा वायरी हलवून बघत होता.

सातचा कार्यक्रम. पावणेनऊला जोमा मढवी आले.
पांढरा सदरा, पायात नातवाचे असावेत असे बूट,
मांडीवर बेंजो.
मी बेंजो इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते:
लांबट पेटी, आत तारा,
आणि वर कळा, गोल, पिवळट, कडांना झिजलेल्या.
टाईपरायटरच्याच असतात काकी त्या, शेजारची म्हणाली,
भंगारातून आणून बसवलेल्या.

मी पर्स मांडीवर आडवी घेतली.

बावीस वर्षं, ठाण्याला, भूसंपादन कचेरीत.
मौजे अमुक, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर,
येणेप्रमाणे नोटीस देण्यात येते की.
एक मूळ प्रत, खाली चार कार्बन.
माझ्या यंत्राचा ळ तुटका होता.
दुरुस्तीचे दोन अर्ज केले, त्यांतही ळ हातानेच काढला.
तळवलीचा ळ, दिवाळ्याचा ळ, मिळकतीचा ळ,
पाचही प्रतींवर, निळ्या शाईने.
अक्षर दागिन्यासारखं आहे बाई तुमचं, साहेब म्हणायचे.

पोरांनी पुढ्यात नाचून घेतलं, हळदीची गाणी झाली,
मग जोमा मढवींनी हात वर केला.
"आता बोलतंय तो गाना मी लिवलाय,
चाल माजे आयशीची, लावनीचे टायमाची.
यामनी निसती शेतांची नावा हान.
कंटाला आला त सांगा."

थोरली खार.
निजली.
बामनाचा पोट.
दोन भावांचा बांध.
कोलबीवाली.
ररकी, म्हणजे रडकी, जिचं पाणी कधी हटायचं नाही.
तल्याखालची.

तल्याखालची, ते म्हणाले. तळ्याखालची नव्हे.
त्यांच्या बोलीत ळ नाहीच.
म्हणजे माझ्या यंत्राला त्यांची बोली येत होती
आणि मी ती शुद्ध करत बसले होते.

माझी बोटं पर्सवर चालत होती.
एकशे बारा, हिस्सा तीन.
एकशे बारा, हिस्सा चार, पोटखराबा.
त्यांचं एक नाव, माझा एक आकडा,
ताल बरोबर पडत होता, हे सांगायला लाज वाटते.

मग एका ओळीला ते गायलेच नाहीत.
नुसता बेंजो वाजला, ओळभर.
"याचा नाव कोनाला आठवत नाय.
आठवला त बोला."
तारांची गुणगुण ऐकू आली.
मागून कुणी पोरगा ओरडला, सेक्टर नऊ!
मैदान हसलं. तेही हसले, चष्मा पुसला,
आणि ओळ तशीच रिकामी ठेवून पुढच्या शेतात गेले.

फोटोवाल्यांची गर्दी सरल्यावर मी गेले.
जे बोलायचं ठरवलं होतं ते राहिलं.
विचारलं, आमची सोसायटी आहे तिथे काय होतं हो?
"तलावाचे अंगाला का नाल्याचे?"
नाल्याच्या.
त्यांनी डोळे मिटले, कळांवर बोटं ठेवली, दाबली नाहीत.
"मंग ती ररकीच."
आणि मला वाईट वाटलं असेल असं वाटून, घाईघाईने,
"पन भात चांगला याचा तिथं."

रिक्षावाल्याने विचारलं, कुठे.
मी सेक्टरच सांगितला.

दर पावसाळ्यात आमच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरतं.
बिल्डरला तीन पत्रं गेली, मीच लिहिली होती.
सेक्रेटरी दर वर्षी पंप भाड्याने आणायचे,
गेल्या वर्षीपासून विकतच घेतलाय.